अर्जातलं दुसरं नाव

तळेगावच्या आठवडी बाजारात चतुराबाई धर्माळे आणि तिची मुलगी शालू यांची बसायची जागा ठरलेली होती, आणि वीसेक वर्षं मी त्यांच्याकडूनच भाजी घेत आले. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. माहेर वर्ध्याचं, नवऱ्याच्या नोकरीपायी तळेगावला आले, तो गेला तरी इथेच राहिले. चतुराबाईचा मुलगा प्रफुल माझ्या वर्गात होता, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची. तेव्हापासून गावातली निम्मी माणसं मला बाईच म्हणतात.

गावाला लागून त्यांचं तीन एकर ओलिताचं वावर होतं. नवरा भैय्याजी, चतुराबाई आणि शालू असे तिघे मिळून वांगी, मेथी, पालक आणि बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, लावायचे. सांबार तर बारमाही. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. जुड्या बांधायचं काम शालूचं.

शालू प्रफुलपेक्षा पाच वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती. उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि अंगानं वाढत गेली तरी समजुतीनं सात-आठ वर्षांच्या पोरीजवळ थांबली. शाळेत दोन महिने बसली, मग एक दिवस दप्तर वर्गातच ठेवून वावरात निघून गेली ती कायमचीच. गावात तिला भोळी म्हणत. चतुराबाई तसं म्हणत नसे. "ते आपल्या कामात पक्की हाये," एवढंच म्हणे.

प्रफुल हुशार निघाला. नागपूरला इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, दिपालीशी लग्न झालं आणि १९९७ साली दोघं कॅनडाला गेली, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन नावाच्या शहरात. जाण्याआधी तो गावी आला तेव्हा मीही त्यांच्या अंगणात बसले होते. भैय्याजीनं विचारलं, "किती दूर हाये रे ते?"

"विमानानं एक दिवस लागते, बाबा."

"म्हंजे मुंबईएवढंच," भैय्याजी म्हणाला आणि निश्चिंत झाला. आमच्याकडून रेल्वेनं मुंबईलाही तेवढाच वेळ लागायचा.

तीन वर्षांनी, २००० च्या पोळ्याच्या आधी, भैय्याजी पालकाच्या वाफ्यात पाणी सोडत असताना छातीला हात लावून बसला आणि उठला नाही. प्रफुलला निरोप माझ्याच घरच्या फोनवरून गेला. तिकीट मिळून तो पोचला तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. घरात आल्यावर त्यानं आईच्या पायाशी डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. शालू त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "बाबा वावरात गेलते. वावरात गेलते."

तेरवीनंतर तो माझ्याकडे आला.

"बाई, मी आईले तिकडं नेतो. कायमचं. तिथं राहनाऱ्याले आपल्या आईबापाले स्पॉन्सर करता येते. त्याईची सगळी जबाबदारी माही, असं सरकारले लिहून द्या लागते. मंग ते पीआर देतात, तिथं कायम राह्याची परवानगी. टाइम लागते, पन होते. इकडचे कागद तुम्ही पाह्यसान का?"

मी हो म्हटलं. त्याच्यासोबत आलेली चतुराबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"आता इथं एकटी राहू नको, आई," तो तिला म्हणाला.

"एकटी कुठं? शालू हाये न."

"शालूही येईन. दोघीही या."

तिनं लगेच होकार दिला नाही, पण तिला जायचं होतं हे मला ठाऊक होतं. नात रुचिका दोन वर्षांची झाली होती आणि चतुराबाईनं तिला फोटोतच पाहिलं होतं. ते फोटो ती बाजारात पिशवीत घेऊन बसायची. भाजी घ्यायला आलेल्या बायकांना ते पाहावेच लागत. रुचिकाला मऊ भात कोण भरवतं, तिच्या डोक्याला तेल कोण लावतं, ती पडली तर काय म्हणून रडते, 'आई' म्हणून की त्यांच्या भाषेत काही म्हणून, असं ती मला विचारायची. जसं काही इंग्रजी शिकवते म्हणून मला तेही माहीत असणार.

अर्जाचे कागद २००१ च्या उन्हाळ्यात आले. त्याच आठवड्यात प्रफुलचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाई, एक ईचारू का? नागपूरचा एक एजंट म्हने, शालूचं असं लिहाल तं अडचन येईन. तिची मेडिकल होईन, अन् त्यात... तो म्हने लगन झालं असं लिहून टाका. लगन झालेली पोरगी अर्जात घ्या लागत नाई. एकदा आई इकडं आली की शालूचं मी पाह्यतो. कसंही करून पाह्यतो."

"आईशी बोललास?"

"नाई. तुम्हीच पाहा काय ते."

मी तेव्हा काय केलं ते सांगते. मी त्याला नाही म्हटलं नाही. एका कागदानं म्हातारपणी आईला मुलगा मिळत असेल तर बिघडलं काय, असं मला वाटलं. मी फॉर्म भरला आणि मुलांच्या रकान्यात प्रफुलचं नाव लिहून पुढची ओळ कोरी सोडली. खोटं लिहिण्यापेक्षा कागदावर काहीच नसलेलं बरं, असं मी मनाशी ठरवलं.

सही घ्यायला चतुराबाईला बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं, आंगठ्याऐवजी नाव लिहायला ती प्रफुलकडून शिकली होती तेवढंच. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत गेले. जन्मतारीख आली. स्वराज्य आलं त्याच वर्षीच्या पोळ्याला आपण झालो, असं तिची आई सांगायची; त्यावरून तहसीलीत प्रतिज्ञापत्र करून एक तारीख घेतली होती. नवऱ्याचं नाव, त्याची मृत्यूची तारीख, मुलं.

"प्रफुल भैय्याजी धर्माळे," मी वाचलं आणि पुढच्या पानाकडे वळले.

"थांबा, बाई. अन् शालू?"

मी एजंटानं काय सांगितलं ते तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लगन झालं म्हनून लिहा लागन?"

"तसंही लिहिता येईल, किंवा काहीच लिहायचं नाही."

"म्हंजे हे पोट्टी मले झालीच नाई." ती आवाज न चढवता बोलत होती, म्हणून मला जास्त लागलं. "अन् मी तिकडं गेल्यावर कोनी ईचारलं, बाई तुले लेकरं किती, तं मी काय सांगू? मले दोन लेकरं हायेत. दोन लिहा."

"चतुराबाई, यानं कदाचित दोघींचंही अडेल."

"अडू द्या. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. शालू भैय्याजी धर्माळे, अविवाहित, आईवर अवलंबून. चतुराबाईनं ती ओळ बोटानं दाबून पाहिली आणि सही केली.

शालूच्या जन्माचा दाखला मिळवताना माझी पुरती दमछाक झाली. तिची नोंदच सापडेना. शेवटी कोतवाल गावातले जन्ममृत्यू लिहायचा त्या जुन्या वहीची नक्कल निघाली, तिच्यात नुसतं 'मुलगी, बाप भैय्याजी' एवढं होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही वर्ध्याला गेलो आणि माझी मुलगी तिथेच, शहराला लागून बोरगाव मेघेला राहते तिच्याकडे मुक्काम केला. स्टुडिओतला फोटोवाला शालूला म्हणायचा, हसू नका, ताई. ती हसायचं थांबायची, पण त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला की पुन्हा हसायची. नवव्या की दहाव्या वेळी तो स्वतःच हसला आणि मग ती एकदम गंभीर झाली. तोच फोटो पासपोर्टवर लागला.

प्रफुल स्पॉन्सर म्हणून मंजूर झाला आणि फाइल दिल्लीच्या कचेरीत आली. मग तीन वर्षं काहीच झालं नाही.

वाट पाहण्याचा परिणाम चतुराबाईच्या वावरावर दिसायला लागला. लिंबाची दहा झाडं लावायची तिनं भैय्याजीच्या हयातीतच ठरवलं होतं. ती आता लावेना. "चार वर्सांनी फळ धरते. तवा मी कुठं असन?" हळद लावायची सोडली, कारण ती नऊ महिने जमिनीत राहते. महिना-दीड महिन्यात निघणारी मेथी, पालक, सांबार एवढंच ती पेरत राहिली, उद्या बोलावणं आलं तर हात मोकळे असावेत म्हणून. पोस्टमन लहानूभाऊ तिच्या वावराकडून सायकलीनं जाताना लांबूनच हात हलवून 'नाही' असं सांगायचा. दरम्यान प्रफुलला मुलगाही झाला, साहिल. पुन्हा फोटो आले आणि जुने फोटो पिशवीतून निघून भिंतीवर गेले.

२००५ च्या हिवाळ्यात मेडिकलचं पत्र आलं. त्यांनी ठरवून दिलेल्या यादीतला डॉक्टर मुंबईचा होता. आम्ही तिघी रेल्वेनं गेलो. डॉक्टर सभ्य होता, शालूशी नीट बोलला. आज कोणता वार आहे, असं त्यानं विचारलं.

शालूनं विचार केला आणि सांगितलं, "बाजार नाई."

खरंच त्या दिवशी आमचा बाजार नव्हता. पण त्याच्या कागदावर हे उत्तर बसेना. त्यानं तिला चित्रं दाखवली, ठोकळे रचायला लावले. मग आणखी एका डॉक्टरकडे पाठवलं, त्यानं पुन्हा तेच केलं. परतीच्या प्रवासात शालू खिडकीशी बसून म्हणाली, "आये, ते डाक्टर जुड्या बांधायले काऊन नाई सांगत?"

पुढच्या वर्षी दिल्लीहून जाड लिफाफा आला. लहानूभाऊ या वेळी सायकलवरून उतरून माझ्या दारात आला. मी पत्र दोनदा वाचलं आणि मग वावरात गेले. चतुराबाई वांग्याच्या ओळीत निंदत होती.

"आलं?"

"आलं. खाली बस."

पत्रात लिहिलं होतं ते मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. शालूच्या बुद्धीची वाढ कमी आहे, तिला तिकडे शिक्षण, देखरेख, मदत लागेल, आणि त्याचा त्या देशाच्या समाजसेवांवर प्रमाणाबाहेर भार पडेल. म्हणून तिला परवानगी नाही. आणि कुटुंबातल्या एकालाही नकार असेल तर अर्जातल्या सगळ्यांनाच नकार, असा नियम आहे. म्हणून आईलाही नाही.

तिनं विळा खाली ठेवला. "शालूचा भार पडन?"

"त्यांनी तसं लिहिलंय."

"कोनावर?"

पलीकडे शालू विहिरीच्या पाण्यात पालकाच्या जुड्या बुडवून काढत होती, एकेक, आणि झटकून ओळीनं मांडत होती.

प्रफुलनं तिकडे अपील केलं. वकील म्हणाला, नियमानं नाही तरी माणुसकीच्या मुद्द्यावर मंजुरी मिळू शकते. अपिलाची सुनावणी नोव्हेंबर २००७ मध्ये ठरली. चतुराबाईची साक्ष फोनवरून होणार होती. तिकडच्या सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. ती शालूला घेऊन सात वाजताच माझ्या घरी आली. पातळ धुऊन इस्तरीचं नेसली होती. फोनवर कोणाला काय दिसणार आहे, असं मी म्हटलं नाही.

साक्ष देताना खोलीत दुसरं कोणी नको, असा नियम होता. मी व्हरांड्यात जाऊन बसले. शालूला हात धरून बाहेर आणलं, पण ती उठून पुन्हा आईजवळ गेली. चतुराबाईनं फोनमध्ये सांगितलंही, "पोरगी हाये माह्याजवळ. ते नाई जात." तिकडच्यांनी ते चालवून घेतलं असावं.

दार उघडंच होतं. मला चतुराबाईचंच बोलणं ऐकू येत होतं. तिकडे प्रफुल होता, त्याचा वकील, सरकारचा वकील, निकाल देणारा अधिकारी, आणि मराठी दुभाषी म्हणून एक बाई. ती पुण्या-मुंबईकडची असावी, कारण दोघींचं एकमेकींना कळायला वेळ लागत होता.

"काय म्हनता? स्वाधीन? म्हंजे? ... हां, कोनापाशी ठेवाचं. नाई. कोनापाशी ठेवली नाई कधी."

मग ती जरा मोठ्यानं, शब्द सुटे करून बोलली, लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखी.

"ते काम करते. भाजी काढते, निवडते, धुते, जुड्या बांधते. सयपाक येते तिले, भाकर येते. चुलीपाशी मी राह्यतो, हे खरं हाये. ... नाई, आजारी नाई पडली. तिच्या बापाले हातपाय होते तसे तिलेही हायेत."

पुढचा प्रश्न लांबलचक असावा. मी उठून दाराशी गेले. तिच्या एका हातात फोन होता, शालूनं तिचा दुसरा हात धरला होता.

"बाई," ती दुभाष्या बाईला म्हणाली, "त्याईले असं सांगा. मी मेल्यावर हिचं कसं होईन म्हनून ईचारून राह्यले न? तेच तं मी बी ईचारून राह्यली. म्हनून तं भावापाशी नेतो म्हनतो. इथं मी गेली तं हिले कोनी नाई. तिथं गेली तं भाऊ हाये. ईचारा त्या पोराले, बहीन जड हाये का तुले म्हनून. तो तुमच्याच समोर बसला हाये."

नंतर प्रफुलनं मला सांगितलं की दुभाष्या बाईनं हे इंग्रजीत करताना मधे दोनदा पाणी मागितलं. आणि त्यानं उभं राहून सांगितलं की बहीण जड नाही.

निकाल जानेवारीत आला. अपील फेटाळलं होतं. अधिकाऱ्यानं चांगल्या शब्दांत लिहिलं होतं, आईच्या सच्चेपणाबद्दल एक परिच्छेद होता, आणि तरी नाही. त्या दिवशी फोनवर प्रफुल रडला आणि रडता रडता बोलून गेला, "बाई, त्या टायमाले ते लगनाचं लिहिलं असतं तं..." चतुराबाई शेजारीच होती. तिनं फोन माझ्या हातून घेतला. "तसं म्हनू नको, बापा," एवढंच म्हणाली आणि त्याच्या सर्दीचं विचारायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तिनं लिंबाची रोपं आणली आणि दोघी मायलेकींनी खड्डे केले.

त्याच उन्हाळ्यात प्रफुलनं तिच्या एकटीसाठी पाहुणी म्हणून जायचा व्हिसा मागितला आणि तो मिळाला. तीन महिन्यांसाठी. शालूला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, माझ्याकडे. चतुराबाई आठ दिवस घरात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात करत राहिली. एकदा जाते म्हणायची, एकदा नको म्हणायची. शेवटी शालूच तिला म्हणाली, "जाय न. भाऊले पाहून येजो." जून २००८ मध्ये ती गेली.

पहिला आठवडा शालू रोज संध्याकाळी हायवेवरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहायची. नागपूरच्या बाजूनं येणारी एसटी थांबली की उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघायची आणि परत यायची. झोपताना आईचं जुनं पातळ उशाला घ्यायची. फोन आला की लांब जाऊन बसायची. एकदा मी जबरदस्तीनं फोन कानाला लावला, तेव्हा ती ऐकत राहिली, श्वास तेवढा मोठ्यानं घेत होती, आणि तिकडून चतुराबाई म्हणत होती, "बोल वं माय, काई तं बोल."

बाजार मात्र आम्ही चुकवला नाही. मी तराजू धरून बसायची. माझे जुने विद्यार्थी मुद्दाम वळसा घालून भाजी घ्यायला यायचे आणि मी वजनात चुकले की शालू सगळ्यांसमोर माझ्यावर रागवायची.

सप्टेंबरात चतुराबाईला आणायला आम्ही जीप करून नागपूरच्या विमानतळावर गेलो. चतुराबाई बाहेर आली, थोडी उजळलेली, पायात कॅनव्हासचे बूट. शालूनं तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसली. तळेगाव येईपर्यंत तिनं आईकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा दोघी एका ताटात जेवत होत्या.

तिथलं सगळं चतुराबाईनं मला एकदम सांगितलं नाही. मेथी निवडता निवडता थोडं थोडं सांगत गेली. घरामागच्या चार हात जागेत तिनं सांबार पेरला होता आणि शेजारची पंजाबी बाई तो मागायला यायची. साहिल तिच्या मांडीवर झोपायचा. रुचिका दहा वर्षांची, पहिले चार दिवस लांबूनच पाहायची. मग एकदा आंघोळीनंतर स्वतःच कंगवा घेऊन आली. "रोज येनी घातली तिची. केस माह्या सासूसारखे, दाट. मराठी समजते तिले, पन बोलते कसं, जसा तोंडात गरम बटाटा."

आणि एक दिवस ती म्हणाली, "बाई, एक पाह्यलं मी तिथं."

दिपाली तिला किराण्याच्या मोठ्या दुकानात न्यायची. तिथे एक तरुण माणूस गाड्या गोळा करायचा, लोक सामान भरून बाहेर सोडून देतात त्या ढकलगाड्या. "शालूसारखाच, बाई. पाह्यल्याबरोबर समजलं मले. चेहरा तसाच, चालनं तसंच. कंपनीचा शर्ट घातलेला. सगळे त्याले नावानं बोलवत, हॅलो करत. तो बी करे. मी रोज म्हनो दिपालीले, त्या दुकानात जाऊ. मले काई घ्याचं नोतं. त्याले पाह्याले जाओ मी."

तिनं हातातली काडी मोडली.

"मंग एक दिवस प्रफुल संगं होता. मी त्याले ईचारलं, हा इथलाच हाये न? तो म्हने, हो. मी म्हटलं, याची माय बी असन न रे कुठं घरी? म्हने असन. मंग मी म्हटलं, याईच्या देशात अशी लेकरं काम करतेत, लोकं त्याईले नावानं बोलावतेत. मंग आपलीच शालू याईले काऊन जड झाली? गाडीत बसला होता तो. चाबी लावली, पन गाडी सुरू नाई केली. दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राह्यला. मी पुन्हा नाई ईचारलं मंग. त्याच्या हातात काय होतं?"

"अजून राहा म्हणाला असेल."

"म्हने न. व्हिसा वाढवून घेतो म्हने. मी म्हटलं, बापा, तुले दिपाली हाये, दोन लेकरं हायेत. शालूले मीच हावो." मग मेथीची रिकामी पाटी बाजूला सारत, "पन मले राह्यासं वाटत होतं, बाई. खोटं कायले सांगू. लय वाटत होतं."

पुन्हा अर्ज करता येतो का, हे प्रफुलनं वकिलाला विचारून पाहिलं. करता येतो, पण उत्तर तेच येईल, असं वकील म्हणाला. मग त्यानं दर दोन वर्षांनी आपणच यायचं ठरवलं आणि डिसेंबर २००९ मध्ये सगळी आली. तीन आठवडे त्या घरात माणसं मावत नव्हती. साहिलला ताप आला, दिपालीला वावरातल्या विहिरीची भीती वाटायची, प्रफुल सकाळी वडलांसारखा वाफ्यात उभा राहायचा. रुचिका अकरा वर्षांची झाली होती. शालू तिला जुडी बांधायला शिकवायची आणि जमली नाही की सोडून पुन्हा द्यायची. रुचिका तिला शालू आत्या म्हणायची. एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी आपल्याशी खेळते, याचं त्या पोरीला नवल वाटत नव्हतं. रात्री ती आजी आणि आत्याच्या मधे झोपायची. चतुराबाई मला सांगे की पोरगी झोपेत पाय मारते, आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर असं काही असे की मी दुसरीकडे पाहायची.

निघायच्या सकाळी जीप दारात आली. रुचिका आजीच्या कमरेला धरून उभी राहिली, सोडेना. दिपालीनं तिचे हात हळूच सोडवले. चतुराबाई सगळ्यांना "येजो, पुन्हा येजो" म्हणत होती, डोळे कोरडे ठेवून. जीप निघाली तशी शालू तिच्यामागे धावत सुटली, नाल्याच्या पुलापर्यंत गेली आणि तिथेच कठड्यावर बसली.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी रस्त्यात उभ्या होतो. मग चतुराबाईनं मला विचारलं, "बाई, आता दोन वर्सांनी येईन तवा रुचिका केवढी झाली असन?"

मी माझ्या खांद्याशी हात धरून दाखवलं.

ती पाहत राहिली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात आणखी चार बोटं वर नेला.